पाच तास पिकअप चालवूनही ट्रेलरची बॅटरी का भरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "बे एरियातून २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन निघालो. लेक टाहोजवळ दोन रात्री हुकअपशिवाय (कॅम्पवरच्या वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय) राहिलो आणि तिथून योसेमिटीला गेलो. ट्रेलरला ६ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड गोल्फ-कार्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत, २२० एएचच्या (अँपिअर-तासांच्या). फ्रीज १२ व्होल्टचा, कॉम्प्रेसरवाला. टाहोहून निघताना बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती. सेव्हन-पिन प्लग (पिकअप आणि ट्रेलरमधला सात पिनांचा विजेचा प्लग) जोडून पाच तास गाडी चालवली, पोचून दोन तासांनी बघतो तर १२.२. पिकअपचा अल्टरनेटर बिघडलाय का? की सरळ लिथियम बॅटरी घेऊन टाकू?"

अल्टरनेटर बहुतेक ठणठणीत आहे. आणि फक्त बॅटरी बदलून लिथियम बसवलीत तर हा प्रश्न सुटणार नाही, उलट वाढेल. पाणी मुरतंय ते मधल्या तारेत.

एकदा हिशोब मांडून बघा. पिकअपच्या बॅटरीपासून मागच्या सॉकेटपर्यंत आणि तिथून ट्रेलरच्या पुढच्या टोकावरच्या बॅटरीपर्यंत वळणं धरून साधारण २८ फूट तार होते. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे ५६ फूट. या कामाला कारखान्यातून बहुधा १२ किंवा १० गेजची तार येते (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड). १२ गेजच्या तांब्याच्या तारेला फुटामागे १.६ मिलिओहम रोध असतो, म्हणजे तारेचाच रोध ९० मिलिओहम झाला. त्यात फ्यूज, प्लगचे पिन, ट्रेलरवरचा छोटा सर्किट ब्रेकर आणि फ्रेमला मारलेले अर्थचे स्क्रू मिळून ५० मिलिओहम सहज वाढतात. एकूण ०.१४ ओहम धरा. पिकअपच्या बॅटरीवर १४.० व्होल्ट आहेत आणि चार्ज होत असलेली तुमची बॅटरी १२.९ वर उभी आहे, तर मधल्या १.१ व्होल्टच्या फरकातून जेमतेम ८ अँपिअर वाहणार. त्यातले सरासरी ३ अँपिअर फ्रीज वाटेतच खातो. उरले ५. पाच तासांचे झाले २५ एएच. बॅटरी अर्धी उतरली होती, म्हणजे ११० एएचचा खड्डा होता, आणि त्यात २५ पडले. १२.१ वरून १२.२ ही वाढ या हिशोबाला धरूनच आहे. काही बिघडलेलं नाही, ही व्यवस्थाच तेवढी आहे.

सेव्हन-पिनमधली चार्जची तार ही चालत्या गाडीत ट्रेलरचा वरखर्च भागवण्यापुरती आणि जवळपास भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यापुरती असते. उतरलेली बॅटरी भरून काढणं तिच्या आवाक्यातलं नाही.

तरीही आधी मोजा. मल्टिमीटर लागेल, आणि डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर लागेल. क्लॅम्प मीटर विकत घेताना तो डीसी करंट मोजतो ना हे नक्की बघा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात. ट्रेलर सुटा असताना, काहीही चालू नसताना, चार-पाच तास विश्रांती दिलेल्या बॅटरीचं व्होल्टेज लिहून घ्या. १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ च्या आसपास म्हणजे अर्धी. मग पिकअप चालू करून पिकअपच्याच बॅटरीवर मोजा. त्यानंतर मागच्या सॉकेटमधल्या चार्जच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये मोजा. रंगांवर विसंबू नका. ट्रेलरच्या बाजूला चार्जची तार बहुधा काळी आणि अर्थची पांढरी असते, पण आधीच्या मालकाने काय जोडलंय ते मीटरच सांगेल.

इथे फसगत होते. सॉकेटवर नुसता मीटर लावला की १४.० दिसतं आणि माणूस म्हणतो, लाइन चांगली आहे. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे शेवाळलेला पिनसुद्धा त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवतो. म्हणून त्या दोन पिनांना हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा बल्ब लावा आणि तो जळत असताना मोजा. तो साडेचार अँपिअर ओढतो. निरोगी लाइनवर एवढ्याने अर्ध्या व्होल्टहून जास्त घट व्हायला नको. १४ चं १२.५ झालं तर कुठेतरी खराब जोड आहे, आणि तो शोधल्याशिवाय पुढे एक डॉलरही खर्च करू नका. शेवटी ट्रेलर जोडून, इंजिन चालू ठेवून ट्रेलरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा आणि पॉझिटिव्ह तारेवर क्लॅम्प लावून करंट बघा.

खराब जोड सापडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. प्लगचे पिन हिरवट-पांढरे झालेले असतात. ते बारीक सॅन्डपेपरने किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या. ट्रेलरच्या पुढच्या तिकोनी फ्रेमखाली एक जंक्शन बॉक्स असतो, त्यात पाणी शिरतं आणि वायर-नट सुटतात. बॅटरीजवळ पेटीबाहेर उघड्यावर बसवलेला ३० ते ५० अँपिअरचा स्वतःहून पुन्हा जोडणारा ब्रेकर असतो. त्याच्या दोन्ही खिळ्यांवर गंज चढला की तो आतून तापतो, तुटतो, परत जोडतो. करंट मध्येच शून्य होऊन परत येत असेल तर पहिला संशय याच्यावर. अर्थची तार फ्रेमला जिथे स्क्रूने मारलीय तिथला रंग खरवडून उघडं लोखंड दिसेपर्यंत घासा. हिच-बॉलमधून अर्थ मिळतोय असा भास कधीकधी होतो, पण ग्रीस लावलेल्या गोळ्यावर तो भरवसा ठेवू नये. काही ट्रेलरमध्ये बॅटरीचा कट-ऑफ स्विच बंद केला की पिकअपकडून येणारी चार्जची लाइनही तुटते. वीज वाचेल म्हणून वाटेत स्विच बंद करून चालवलंत तर तुम्हीच चार्जिंग बंद केलेलं असतं. आणि काही पिकअपमध्ये चार्जच्या लाइनचा फ्यूज किंवा रिले नवीन गाडीत बसवलेलाच नसतो, तो डॅशबोर्डच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये पिशवीत पडलेला असतो. गाडीची पुस्तिका उघडून बघा.

दुसरा घटक अल्टरनेटरचा आहे. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वाचवायला संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज कमी-जास्त करतो. पिकअपची स्वतःची बॅटरी भरली की तो १३.२ किंवा त्याच्याही खाली उतरतो. वरचा हिशोब १३.२ घेऊन पुन्हा करा: फरक ०.३ व्होल्ट, करंट २ अँपिअर, तो सगळा फ्रीजच्या पोटात. टो-हॉल मोड (ट्रेलर ओढताना लावायचा मोड) लावला की अनेक पिकअप व्होल्टेज वर ठेवतात. ट्रेलर हलका असेल तर दिवसाही हेडलाइट लावून तोच परिणाम साधता येतो. जनरल मोटर्सच्या पिकअपच्या पुस्तिकांत हा उपाय दिलेला आहे. फुकटचा आहे, आधी करून बघा.

आता खरा इलाज. डीसी-टू-डीसी चार्जर. पिकअपकडून येणारं पडकं, वरखाली होणारं व्होल्टेज तो आत घेतो आणि ट्रेलरच्या बॅटरीला हवं तेवढं, म्हणजे १४.४ ते १४.८, बाहेर देतो. व्हिक्ट्रॉन, रेडार्क, रेनोजी यांचे मिळतात. तुमच्या बॅटरीला २० ते ३० अँपिअरचा पुरेल.

तो सेव्हन-पिनच्या जुन्या तारेवर बसवू नका. २० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टने २८८ वॉट देतो. दहा टक्के तोटा धरला की ३२० वॉट आत घ्यावे लागतात. बारीक तारेच्या टोकाला १२ व्होल्ट मिळत असतील तर करंट झाला जवळपास २७ अँपिअर. ०.१४ ओहममधून २७ अँपिअर ओढले की पावणेचार व्होल्ट तारेतच जातात, म्हणजे चार्जरला १२ सुद्धा मिळत नाहीत. तो कमी व्होल्टेज बघून बंद होतो, बंद झाल्यावर व्होल्टेज वर येतं, परत सुरू होतो, परत बंद. दिवसभर हाच खेळ, किंवा मग ३० अँपिअरचा फ्यूज उडतो. लोक चार्जर खराब निघाला म्हणून परत पाठवतात.

त्याला स्वतंत्र तार द्या. ३० अँपिअरच्या चार्जरला आत साधारण ३७ अँपिअर लागतात. ६ गेजच्या तारेचा रोध फुटामागे ०.४ मिलिओहम, ५६ फुटांचे २२ मिलिओहम, आणि ३७ अँपिअरला घट सुमारे ०.८ व्होल्ट. हे चालतं. पिकअपच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत ६० अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूजच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं काहीच नसतं. लाल आणि काळी दोन्ही तारा प्लॅस्टिकच्या खाचेच्या नळीतून फ्रेमच्या कडेने मागे न्या, एक्झॉस्टपासून लांब, दर फूट-दीड फुटावर पट्टीने बांधून. मागे बंपरपाशी ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर (जाड तारांचा जोडता-सोडवता येणारा प्लग), रबरी टोपणासकट. तारेच्या टोकाचे लग हातोडीने चेपू नका. हायड्रॉलिक क्रिम्पर आणतात किंवा भाड्याने घेतात, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवतात.

ही नवी काळी (अर्थची) तार पिकअपच्या बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर थेट जोडू नका. तिथे बॅटरीवर लक्ष ठेवणारा सेन्सर असतो. त्याला वगळून करंट गेला तर गाडीच्या संगणकाचा हिशोब चुकतो. सेन्सरच्या पलीकडे, चासिसला जिथे अर्थ दिलाय तिथे जोडा.

चार्जर ट्रेलरच्या बाजूला, बॅटरीजवळ बसवा. पिकअपमध्ये बसवलात तर त्याच्या पुढची घट भरून काढायला कोणीच उरत नाही. पुढच्या सामानाच्या कप्प्यात, हवा खेळेल अशा जागी, उभ्या पाट्यावर लावा. बॅटरीच्या पेटीत मात्र नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. चार्जरपासून बॅटरीपर्यंतची तार शक्य तितकी आखूड ठेवा आणि तिच्यात बॅटरीच्या बाजूला ४० अँपिअरचा फ्यूज घाला.

आणखी दोन गोष्टी जवळजवळ सगळ्यांच्या हातून राहतात. नवी तार थेट बॅटरीला जोडलेली असल्याने कायम जिवंत असते, तेव्हा इंजिन चालू आहे की बंद हे चार्जरला कळायला हवं. व्होल्टेज बघून ओळखण्याची सोय त्यात असते, पण वर सांगितलेला हुशार अल्टरनेटर १२.९ वर आला की ती फसते. म्हणून इंजिनसोबत जिवंत होणारी बारीक तार चार्जरच्या सिग्नलच्या टर्मिनलला द्यावी. तुमच्या पिकअपमध्ये सेव्हन-पिनची चार्ज लाइन चावी बंद केल्यावर बंद होत असेल, तर तीच या सिग्नलला वापरता येते. दुसरी गोष्ट याच्याशीच जोडलेली: ती जुनी चार्ज लाइन ट्रेलरच्या बॅटरीवरून सोडवा. ती राहिली तर चार्जरने भरलेली वीज तिच्यातून उलटी पिकअपकडे जाते, तिथून नव्या तारेने परत चार्जरकडे येते, आणि चार्जर गोल फिरणारी वीज तापत ढकलत बसतो. ॲपवर ३० अँपिअर दिसतात, बॅटरी मात्र भरत नाही.

सेटिंग बॅटरी बनवणाऱ्याच्या कागदाप्रमाणे करा. पाणी घालायच्या गोल्फ-कार्ट बॅटऱ्यांना बहुधा १४.८ च्या आसपास लागतात, चार्जर डब्यातून निघताना अनेकदा १४.४ वर असतो. थंडीत व्होल्टेज वाढवावं लागतं, उन्हाळ्यात कमी करावं लागतं, म्हणून तापमानाचा सेन्सर मिळत असेल तर घ्या. असं सगळं बसवल्यावर तुमच्या त्याच पाच तासांत बॅटरी अर्ध्यावरून ९० टक्क्यांच्या आसपास येईल. शेवटचे दहा टक्के लेड-अ‍ॅसिड फार हळू घेते, तिथे मोठा चार्जर लावूनही काही होत नाही. ते दहा टक्के घरी वीज जोडून किंवा सोलरने भरून काढायचे. महिनोन्‌महिने अर्धवट चार्ज करत राहिलात तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते.

आता लिथियमचं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी अर्धी असतानाही १३.२ वर असते आणि चार्ज होताना १३.४ वर जाते. म्हणजे त्याच बारीक तारेवर फरक उरला ०.६ व्होल्ट आणि करंट चार-सव्वाचार अँपिअर. लेड-अ‍ॅसिडच्या निम्मा. अल्टरनेटर १३.० वर उतरला तर ट्रेलरच पिकअपला वीज पुरवायला लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तार आणि चार्जर, मग लिथियम. चार्जर तोच राहतो, फक्त सेटिंग बदलतं, १४.२ ते १४.४. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते, चांगल्या बॅटरीचा बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षक सर्किट) ते थांबवतो. टाहोला हिवाळ्यात जाणार असाल तर ती बाहेरच्या पेटीत न ठेवता आत घ्या. ट्रेलरमधला बाहेरची वीज जोडल्यावर बॅटरी भरणारा जुना कन्व्हर्टरही बघा. १३.६ च्या पुढे न जाणारा असेल तर लिथियम तो पूर्ण भरणार नाही, आणि लेड-अ‍ॅसिडलाही दीड-दोन दिवस लावेल.

खर्चाची बाजूही बघू, कारण जेवढं कमी ओढाल तेवढं कमी भरावं लागेल. कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला ५० ते ७० एएच घेतो. फर्नेसचा (ट्रेलरमधल्या हीटरचा) पंखा चालू असताना ७ अँपिअर, थंड रात्री एकूण तीन तास चालला तरी २१ एएच. दिवे एलईडी असतील तर किरकोळ. पाण्याचा पंप ५-७ अँपिअर ओढतो पण मिनिटंच चालतो. एकूण ८० ते १०० एएच रोज. लेड-अ‍ॅसिड अर्ध्याच्या खाली नेऊ नये हा नियम पाळला तर २२० मधले वापरायचे ११०. म्हणजे एक दिवस आणि थोडं. दोन रात्री तुम्ही काढल्यात ते काटकसरीनेच.

आपल्या घरांत एक जास्तीचा खर्च असतो, स्वयंपाकाचा. इन्व्हर्टरवर १००० वॉटचा इन्स्टंट पॉट लावून वरण-भात केला तर तापून दाब धरेपर्यंतच्या पंधरा मिनिटांत सुमारे २४ एएच जातात. चटणीसाठी ७५० वॉटचा मिक्सर फिरवताना बॅटरीतून ७० अँपिअर निघतात. मिक्सर मिनिटभर चालतो म्हणून परवडतो. पण एवढ्या ओढीने अर्धी उतरलेली लेड-अ‍ॅसिड खाली दबते आणि इन्व्हर्टर बीप करत बंद पडतो. कुकर प्रोपेनच्या शेगडीवर लावा, शिट्ट्या तिथेच होऊ द्या.

योसेमिटीत हुकअप नाहीतच. व्हॅलीतल्या कॅम्पग्राउंडवर उंच पाइनची दाट सावली असते, त्यामुळे छपरावरच्या २०० वॉटच्या पॅनलचा मोकळ्या उन्हातला ६० एएच हा आकडा तिथे विसरा. तिथे २५-३० फूट केबल असलेलं घडीचं पॅनल उन्हाच्या कवडशात सरकवत राहणं जास्त कामाचं. जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ याच वेळांत चालवता येतो. सकाळचे दोन तास वापरा. तेव्हा बॅटरी सर्वांत उतरलेली असते आणि सर्वांत जास्त करंट घेते. संध्याकाळी त्याच दोन तासांत तेवढं पदरात पडत नाही.

बॅटऱ्यांचं पाणी महिन्याला बघा. फक्त डिस्टिल्ड पाणी, आणि ते चार्ज झाल्यावर घालायचं. आधी भरलंत तर चार्ज होताना फुगून अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडलेल्या असतील तर मात्र चार्ज करण्याआधी त्या बुडतील एवढंच घाला. निघण्याआधी दोन दिवस ट्रेलर घरच्या विजेला जोडून ठेवा. ३० अँपिअरच्या प्लगला साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटचं अडॅप्टर मिळतं, एसी लावायचा नसेल तर तेवढं पुरतं. मुक्कामी पोचल्यावर ट्रेलर जोडलेलाच ठेवणार असाल तर रात्री सेव्हन-पिन प्लग काढा, अँडरसनही काढा. काही पिकअपमध्ये चार्जची लाइन चावी बंद केल्यावरही जिवंत राहते आणि सकाळी पिकअपच सुरू होत नाही.

आणि ही बॅटरी फक्त दिव्या-फ्रीजसाठी नाही. ट्रेलर हिचवरून सुटला तर ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवे स्विचला वीज तिच्यातूनच मिळते, त्यामुळे ती काढून ठेवून किंवा मेलेल्या अवस्थेत ट्रेलर ओढू नका. नवी वायरिंग झाल्यावर हा स्विच तपासाच. चाकांना उटी (अडसर) लावा, सेव्हन-पिन प्लग पिकअपमधून काढा, म्हणजे ब्रेक कंट्रोलरला धक्का लागणार नाही. स्विचची पिन ओढा, चाकांपाशी कान द्या, ब्रेकच्या मॅग्नेटचा हलका गुणगुण आवाज यायला हवा. दहा सेकंदांच्या आत पिन परत घाला, जास्त वेळ ठेवलीत तर मॅग्नेट तापतात. आवाज आला नाही तर जुनी चार्ज लाइन सोडवताना ब्रेकअवेची तारही बॅटरीवरून सुटली आहे का ते आधी बघा.